चौदा काळे ठोकळे: चौथ्या फाँटच्या नोंदी

2 जून 2025

पुस्तकी मजकुरासाठीचा देवनागरी फाँट, आमचा चौथा. 731 आकृत्यांपैकी 717 जागेवर आहेत. राहिल्या चौदा: ऱ्य-ऱ्ह मधला अर्धा र, द्ध, द्व, ङ् ची जोडाक्षरं, ॲ आणि काही किरकोळ.

राहिलेल्या प्रत्येक जागी काळा ठोकळा बसवला आहे. ही रीत माझ्याबरोबर अक्षरं काढणाऱ्या काकांची. ते 1965 साली, सोळाव्या वर्षी छापखान्यात जुळारी म्हणून लागले. जुळवताना एखादं अक्षर केसमध्ये, म्हणजे अक्षरांच्या खणांच्या पेटीत, संपलं की तेवढ्याच रुंदीचा दुसरा कुठला तरी खिळा, म्हणजे धातूचं अक्षर, उलटा, बूड वर करून ठेवायचा आणि पुढं जायचं. प्रुफात तिथं काळा डाग उमटतो. विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

दुपारी चहा पिताना काकांनी सांगितलं, गणपतीच्या आधी कऱ्हाडला जातोय. मुलाकडे, कायमचं. उजव्या हाताचा कंप मागच्या दिवाळीपासून वाढत चाललाय आणि एकट्यानं राहणं आता जमत नाही. हे मला दिसत होतं. तरी मी विचारलं, "आणि फाँट?"

"चौदाच तर राहिलेत," म्हणाले आणि नवा ट्रेसिंग पेपर ओढून घेतला.

नऊ वर्षं झाली आम्हाला एकत्र काम करून. आज मी पुढं काही केलं नाही.

5 जून

द्व झाला. तेरा.

11 जून

अर्ध्या र वरून दिवसभर वाद. सविस्तर लिहिते, कारण हा वाद मिटलेला नाही.

"दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार डोक्यावर जातो, दुसऱ्यात र अर्धा होऊन शिरोरेषेखाली पुढच्या अक्षराच्या डाव्या कुशीत शिरतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना जेवायला बोलावणं यांतला फरक एवढ्याशा बाकावर उभा आहे. हिंदीला याची गरज पडत नाही, मराठीचं याच्यावाचून पान हलत नाही: वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हा नदी, माझ्या घराजवळचं नऱ्हे. युनिकोडमध्ये तो लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ऱ ला हलन्त, दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढं न दिसणारा जोडक. जुन्या फायलींत दुसराच जास्त सापडतो, म्हणून फाँटला दोन्ही ओळखता आले पाहिजेत. ते काम माझं, आणि ते झालंय. आकाराचं काम दोघांचं, आणि तिथं गाडी अडली आहे.

मला तो बाक सडसडीत हवा. जाडी 58 एकक (फाँटमध्ये मोजायचं बारीक माप), म्हणजे पानावर नजर फिरवली तर तो मध्येच उठून दिसणार नाही. काकांना त्याला पोट हवं, 82 च्या आसपास. त्यांचं कारण धातूतून आलेलं आहे. शिसं, कथील, अँटिमनी यांच्या मिश्रणाचा खिळा, त्यात हा भाग सगळ्यांत बारीक. छपाई चालू असतानाच तो मोडायचा आणि "दुसऱ्या" चं "दुसया" होऊन पुढच्या सगळ्या प्रती तशाच निघायच्या.

मी म्हटलं, काका, आता मोडायला खिळाच नाही.

ते म्हणाले, "खिळा नाही, पण वाचणारा आहे ना? सत्तरीच्या माणसाला संध्याकाळी सातला घरातल्या दिव्याखाली वाचायला दे आणि मग सांग मला."

ठोकळा तसाच.

21 जून

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला. रस्ते बंद असल्यामुळं काका आले नाहीत. फोनवर काम करायचा प्रयत्न केला: मी वर्णन करायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. द्ध बद्दल त्यांनी तीन प्रश्न विचारले. द चं शेपूट ध च्या पोटाखालून जातं की पोटातून? गेल्यावर किती पांढरं उरतं? त्या पांढऱ्यात उकार मावेल का? "शुद्धु" असा शब्द कुठं असतो, असं मी विचारणार होते. मग "बुद्धू" आठवला आणि गप्प बसले.

3 जुलै

आज स्कॅन केलेले सात कागद गिरवले. असं काम याआधी मी कधी केलं नव्हतं.

आमची पद्धत अशी. काका दहा सेंटिमीटर उंचीचं अक्षर पेन्सिलीनं काढतात, मी ते स्कॅन करते आणि बिंदू टाकून वक्र बसवते. बिंदू जितके कमी तितका वक्र स्वच्छ. आतापर्यंत त्यांची रेघ इतकी निश्चित असायची की बिंदू कुठं टाकायचा ते कागदच सांगायचा. या कागदांवर रेघ थरथरलेली आहे. मोठं करून पाहिलं तर कडा करवतीसारखी दिसते.

आधी वाटलं, सगळं गुळगुळीत करून टाकावं. संगणक ते एका क्षणात करतो. करून पाहिलं. अक्षर नीटनेटकं झालं आणि कुणाचंच राहिलं नाही. मागं घेतलं.

मग तासभर नुसती बघत बसले. हळूहळू कळायला लागलं. कंपाची लाट हव्या असलेल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जाते आणि परत येते. हात सावकाश चालला असेल तिथं लाटा दाट, झपकन गेला असेल तिथं विरळ. दोन्ही बाजूंच्या मधून ओळ काढली की काकांची रेघ सापडते. पण काही ठिकाणी रेघ एकाच बाजूला सरकते आणि परत येत नाही. द्ध च्या गाठीपाशी ती आत दबते आणि दबलेलीच राहते. ते थरथरणं नव्हे. छापल्यावर शाई फुगते, दोन जाड रेघा मिळतात तिथं सगळ्यांत जास्त फुगते, म्हणून ते अशा जागी नेहमी थोडं आत कोरून ठेवतात. पहिल्या फाँटपासून ठेवत आले आहेत. तेव्हा मला त्याचं कारण माहीत नव्हतं आणि मी ते भरून काढायचे.

सात कागदांवर अशा अकरा जागा काढल्या. त्या राखल्या, बाकी सगळं सरळ केलं.

4 जुलै

प्रिंट काकांना दाखवली. ते पडद्यावर बघत नाहीत. "पडद्यावर सगळंच चांगलं दिसतं," हे मी पहिल्या आठवड्यात ऐकलं ते आजतागायत. भिंग लावून बराच वेळ बघितलं. अकरापैकी दहा जागांवर काही बोलले नाहीत, म्हणजे पास. अकराव्या जागेवर, ङ् च्या वळणात, तांबड्या पेन्सिलीनं गोल केला.

"हे काढ. हे माझं नाही, हाताचं आहे."

घरी येताना दांडेकर पुलाशी सिग्नलला थांबले होते, तेव्हा डोळे भरून आले.

9 जुलै

ङ् ची जोडाक्षरं संपली. नऊ ठोकळे उरले. अक्षरांमधलं अंतर तपासायला पन्नास ओळींचं पान लावलं, त्यात काकांनी फक्त एक खूण केली: पाकळीचा ल आणि पुढचा काना यांत पोकळी जास्त. 2022 च्या शासन निर्णयातही पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितलेला आहे, पण आमच्याकडे तो 2016 पासून तसाच आहे. दुसरा ल काढायला काका तयारच नव्हते.

17 जुलै

फाँटच्या फाइलमध्ये नावांचा एक तक्ता असतो, त्यात आरेखकाच्या नावाची वेगळी जागा असते. आधीच्या तिन्ही फाँटमध्ये तिथं माझं एकटीचं नाव आहे, कारण काकांनी स्वतःचं घालू दिलं नाही. मला हे कायम टोचत आलंय. आज पुन्हा विषय काढला.

"कुठं दिसणार ते?"

"पानावर कुठंच नाही. फाइलच्या पोटात."

"कोण वाचणार?"

"ज्याला शोधायचं असेल तो."

थोडा वेळ गेला. जुळाऱ्याचं नाव पुस्तकात कधी नसायचं, हे मला माहीत आहे. मुद्रकाचं, प्रकाशकाचं असायचं. शेवटी म्हणाले, "तुझ्या नावानंतर घाल. आणि काका नको लिहूस, पूर्ण नाव लिही." लगेच तिथंच घातलं. स्पेलिंग दोनदा तपासायला लावलं.

28 जुलै

सहा ठोकळे.

आज नवं काही झालं नाही, म्हणून जुनं एक लिहून ठेवते. ही नोंदवही का सुरू झाली ते तिच्यातच कुठं नाही.

2019. दुसरा फाँट. ओळींमधलं अंतर कमी हवं होतं, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडत होत्या. मी सगळे उकार 30 एकक वर उचलले. काकांना विचारलं नाही. मुदत जवळ आली होती हे खरं, पण विचारलं तर ते नाही म्हणतील हे मला ठाऊक होतं, हेही तितकंच खरं. छापलेलं पुस्तक त्यांनी अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात पाहिलं.

रागावले नाहीत. तीन आठवडे आले नाहीत. फोन उचलायचे, तब्येत विचारायचे, कामाचं बोलायचे नाहीत. चौथ्या आठवड्यात आले आणि माझ्यासमोर एक फुलस्केप ठेवला. त्यावर त्यांच्या अक्षरात शब्द होते: कुटुंब, फुकट, कुऱ्हाड, फुलपाखरू, अंकुर, असे साठेक. प्रत्येकात उकार वर सरकून अक्षराच्या बाकदार आकड्यात घुसला होता आणि तिथं शाईचा गोळा झाला होता. एकेक शब्द मला मोठ्यानं वाचायला लावला. मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली आणि नियम केला: दुसऱ्याच्या म्हणण्याविरुद्ध काही करायचं असेल तर करावं, पण का केलं ते लिहून खाली सही करावी. नियम दोघांनाही लागू. त्या दिवसापासून ही वही. तिच्यात काकांच्या सह्या चार आहेत, माझ्या एकोणीस.

8 ऑगस्ट

काकांच्या शनिवार पेठेतल्या खोलीवर गेले होते, बांधाबांधीला. भांडी आणि कपडे दोन बोचक्यांत मावले. ट्रेसिंग पेपरांचे मात्र अकरा गठ्ठे. मला वाटलं होतं, ते मी घेऊन यायचे. काका म्हणाले, आधी निवडू दे.

सकाळी दहा ते संध्याकाळी सहा निवडत होते. डावीकडे ठेवायचे, उजवीकडे फाडायचे. मी काही बोलले नाही, पण एकदा हात पुढं झालाच. एक ज्ञ होता, पहिल्या वर्षातला, मला फार आवडायचा. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि दाखवलं की त्याची गाठ दांड्यापासून सुटलेली आहे. "चुकलेलं अक्षर मागं ठेवू नये. कुणीतरी ते गिरवतं." फाडला.

खोलीत एकच पुस्तक मोजमापाला असायचं: निर्णयसागरनं छापलेला एक संस्कृत ग्रंथ, पुठ्ठा गेलेला. जावजी दादाजींनी 1869 मध्ये मुंबईत काढलेला तो छापखाना. त्यांच्या अक्षरांचे ठसे राणोजी रावजी आरू यांनी कापले. काका आरूंचं नाव घेताना अजून आवाज खाली आणतात. माझ्यासाठी मात्र त्या पुस्तकाचा उपयोग वेगळाच झाला. 2016 मध्ये मी पहिल्यांदा माझी अक्षरं घेऊन इथं आले होते. चार महिने खपून काढलेली, गुळगुळीत, एकसारखी. काकांनी माझा कागद त्या पुस्तकाशेजारी ठेवला आणि डोळे किलकिले करून लांबून बघायला सांगितलं. पुस्तकाचं पान करड्या कापडासारखं एकसंध दिसत होतं, माझं ठिगळ लावल्यासारखं. चूक कुठं आहे ते त्यांनी सांगितलं नाही. "उद्या ये," एवढंच म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी गेले, आणि मग जातच राहिले.

चार गठ्ठे उरले. ते माझ्याकडे आले आहेत. पुस्तक ते कऱ्हाडला नेणार आहेत.

19 ऑगस्ट

दोन ठोकळे: ॲ आणि अर्धा र.

मी विचारलं, प्रुफं कुरियरनं पाठवत जाऊ का? महिन्याला एक पाकीट. तुम्ही खुणा करून परत पाठवा, खर्च माझा. मी हे पंधरा दिवस मनात जुळवत होते.

काका नाही म्हणाले.

मला वाटलं हाताचं कारण असेल. म्हटलं, खुणा नका करू, फोनवर सांगा.

"तसं नाही गं. पाठवलंस तर मी बघीन. बघितलं की बोलीन. आणि मी बोललो की तू थांबशील. इथं समोर होतो तोवर ठीक होतं, तू भांडायचीस. लांबून तू भांडणार नाहीस, म्हाताऱ्याचं मन राखशील. अक्षराचं नुकसान होईल."

मी काही बोलू शकले नाही. त्यांचं खरं होतं, मी मन राखलं असतं.

24 ऑगस्ट

स्वारगेट, सकाळी साडेसात. मुलगा न्यायला आला होता. गाडीच्या पाटीवर "कराड" लिहिलेलं. काकांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं.

पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो थरथरत होता, आणि तो तसाच बराच वेळ राहू दिला.

खिडकीतून म्हणाले, "ॲ ची चंद्रकोर थोडी खाली घे. वर तरंगतीये."

गाडी सुटली.

9 सप्टेंबर

सोळा दिवस फाइल उघडली नाही. गणपती होते, पाहुणे होते, हे निमित्त.

आज उघडली. एका ण चा दांडा दोन एककांनी हलवला, परत आणला, पुन्हा हलवला. पूर्वी असं झालं की मी प्रिंट काढायचे आणि काकांपुढं ठेवायचे. ते नाही म्हणायचे. मी का नाही म्हणून भांडायचे आणि भांडता भांडता मला स्वतःचंच म्हणणं कळायचं. आता समोर कुणी नाही म्हणत नाही, त्यामुळं माझ्या होकारावर माझाच भरवसा बसत नाही. चार वाजता आधण ठेवलं ते दोन कपांचं.

ण होता तिथंच ठेवला.

15 सप्टेंबर

ॲ काढला. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. तोवर अ वर चंद्र देण्यासाठी नाना खटपटी चालायच्या. काकांच्या केसमध्येही ते नव्हतं, त्यामुळं इथं धातूचा आधार नाही. एकटीनं काढलेलं पहिलं अक्षर. चंद्रकोर तूर्त जुन्याच उंचीवर.

22 सप्टेंबर

अर्धा र. काकांनी जूनमध्ये सांगितलेली परीक्षा आज घेतली.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, वय 81, रोज पोथी वाचतात. एकच परिच्छेद तीन जाड्यांत छापून नेला: 58, 70, 82. अक्षर 12 पॉइंट. संध्याकाळी सात, त्यांच्याच खुर्चीत, त्यांच्याच दिव्याखाली. मजकुरात मुद्दाम असे शब्द घातले होते की अर्धा र नजरेतून सुटला तरी शब्द तयार होईल: दऱ्या, सुऱ्या, वाऱ्या. सुटला तर दया, सुया, वाया.

58 मध्ये आजींनी "सुऱ्या" ला "सुया" वाचलं आणि न अडखळता पुढं गेल्या. त्यांना काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. वाक्य होतं, "त्याने दोन सुऱ्या पिशवीत घातल्या." 70 मध्ये थांबल्या, मागं आल्या, बरोबर वाचलं. 82 मध्ये थांबल्याच नाहीत.

तीन महिने मी भांडत होते ते पान सुंदर दिसण्यासाठी. जाडी 82.

पण काकांच्या आकारात पोट पुढच्या य च्या इतकं जवळ येतं की 9 पॉइंटला दोन्ही चिकटतात. खिळ्यांमध्ये हा प्रश्न नव्हता, तिथं लहान मापाचं अक्षर वेगळं कापलेलं असायचं. आमची आकृती एकच, ती सगळ्या मापांना चालली पाहिजे. म्हणून पोट ठेवलं, पण त्याचं सगळ्यांत फुगीर ठिकाण 14 एकक डावीकडे ओढलं आणि शेवटचं टोक निमुळतं केलं. दहा वेळा काढला. अकराव्याला डोळे किलकिले करून लांबून पाहिलं तर शब्द एका कापडाचा दिसला.

ठोकळा काढला.

4 ऑक्टोबर

दसरा झाला. सोळा पानांचं प्रुफ छापून घेतलं, तांबडी पेन्सिल घेऊन बसले. सात खुणा केल्या, सगळ्या माझ्या. पाच दुरुस्त केल्या. दोन उद्या.

731 पैकी 731. आवृत्ती 1.000 बांधली. नावांच्या तक्त्यात दोन नावं आहेत.

नियमाप्रमाणे एक नोंद करायची राहिली आहे. काकांनी ॲ ची चंद्रकोर खाली घ्यायला सांगितली होती. घेतली नाही. कारण: 12 एकक खाली आणून छापली, तर 9 पॉइंटला ती शिरोरेषेला टेकते, मधलं पांढरं बुजतं आणि ॲ चा अ वाटतो. शिवाय कॅ, बॅ, ऑ या सगळ्यांवरची चंद्रकोर त्याच उंचीवर आहे, "ॲकॅडमी" सारख्या शब्दात एकटीच खाली बसलेली दिसते. वर तरंगते हे त्यांचं म्हणणं 24 पॉइंटच्या पुढं खरं आहे. मथळ्यांसाठी वेगळी आकृती करेन, तिथं 10 एकक खाली घेईन. मजकुरात आहे तीच राहील.

सही केली. माझी विसावी.